आगेरा : वसईच्या शिवारातला नव्या भाताचा सण

आश्विन लागला की आपल्या वाशीमकडे शेतकऱ्याला बोलायलाही फुरसत नसते. सोयाबीनची सोंगणी, सुडी लावणे, हडंब्यासाठी नंबर धरणे, आणि या सगळ्यात एक डोळा आभाळाकडे. परतीच्या पावसाने एक फटका मारला तर चार महिन्यांची मेहनत भिजून जाते. अशा धांदलीतही सण थांबत नाहीत. घरातल्या लेकी संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणत एका घरून दुसऱ्या घरी जातात, खिरापत ओळखतात. कोजागरीला नवान्नाची आठवण होते. कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी शेतात सीतादही केली जाते. पीक घरात येण्याआधी ते ज्याने दिले त्याचे ऋण मानायचे, ही आपली जुनी रीत आहे.

नेमक्या याच दिवसांत, आपल्यापासून पाचशेहून अधिक किलोमीटरवर, समुद्रकाठच्या वसईतही असाच एक सण होतो. त्याचे नाव आगेरा. तो करणारे शेतकरी कॅथलिक ख्रिस्ती आहेत. आपल्या जिल्ह्यात कॅथलिक घरे थोडी. ती अमरावती धर्मप्रांतात येतात आणि हा धर्मप्रांत 1955 साली स्थापन झाला. त्यामुळे चर्चभोवती वसलेले शेतकऱ्यांचे अख्खे गाव कसे असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. म्हणून या अंकात वसईची ही ओळख.

मराठी मातीतले ख्रिस्ती

वसई तालुका आज पालघर जिल्ह्यात आहे. 1534 साली हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या अनेक शेतकरी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पोर्तुगीज गेले, पण या कुटुंबांचा धर्म राहिला. त्यांची शेती राहिली आणि भाषाही राहिली. इथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात. त्यांची कादोडी बोली वसईतले सामवेदी ब्राह्मणही बोलतात. जुन्या बायकांचे लाल लुगडे दुरूनही ओळखू येते. नाव पेद्रू किंवा मारिया असले तरी घरात भाकरी थापली जाते आणि भांडणही मराठीतच होते!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 च्या सुमारास, जगभर कॅथलिक चर्चची उपासना लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत होऊ लागली. तेव्हापासून वसईत मिस्सा मराठीतून होते. ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक तर त्याही आधीपासून, 1955 पासून, निघते आहे. या मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 साली ते वारले.

एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या वस्तीला तिकडे धर्मग्राम म्हणतात. नंदाखाल, निर्मळ, आगाशी, पापडी, माणिकपूर, सांडोर असे कितीतरी धर्मग्राम आहेत. 1998 साली या सर्वांचा मिळून वसई धर्मप्रांत झाला. त्याच वर्षी आपला वाशीम जिल्हाही अकोल्यातून वेगळा झाला, हा एक योगायोग.

लोंब्यांची मिरवणूक

आगेरा साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. तोवर हळवे भात पिवळे पडलेले असते. आगेरा हा शब्द लॅटिनमधल्या शेत या अर्थाच्या शब्दावरून आला, असे सांगतात. वसई, मुंबई आणि ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत हा सण चालतो.

सणाची रीत साधी आहे. भाताच्या पहिल्या लोंब्या कापून त्यांची जुडी बांधतात. फादर त्या लोंब्यांना आशीर्वाद देतात. मग त्या सजवून, बॅंडबाजा लावून, मिरवणुकीने चर्चमध्ये नेतात. कुठे त्यासाठी बैलगाडी जुंपतात. कुणी घरच्या वाडीतला केळीचा घड आणतो, कुणी दुधी, कुणी पडवळ, कुणी नारळ, कुणी फुले. हे सगळे वेदीपुढे ठेवतात. मिस्सा झाली की आशीर्वादाच्या लोंब्या घरोघर जातात. काही ठिकाणी आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो आणि जमलेला पैसा धर्मग्रामाच्या कामाला लागतो. आपल्या गावच्या देवळात महाप्रसादानंतर उरलेल्या नारळाचा लिलाव होतो, तसाच हा प्रकार. इथेही बोली चढवताना चढाओढ होते आणि हसणेही होते.

हा सण एकट्या वसईचा नाही. गोव्यात कणसाचे फेस्त ऑगस्टमध्ये होते. रायच्या चर्चचे 5 ऑगस्टला, ताळगावचे 21 ऑगस्टला. मंगळुरूकडचे कोकणी कॅथलिक 8 सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्मदिनी, नवे तांदूळ दुधात किंवा खिरीत घालून सारे कुटुंब मिळून खातात. वसईत ऑक्टोबर उजाडतो. धर्म एकच, पण प्रत्येक गावाने आपापल्या जमिनीचे आणि पावसाचे मानले. पंचांग कोणतेही असो, शेतकऱ्याचे खरे पंचांग शेतातच असते.

ऑक्टोबरच्या संध्याकाळी

कॅथलिक लोकांत ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. 7 ऑक्टोबरला जपमाळेच्या मारियामातेचा सण असतो. या महिन्यात अनेक गावांत शेजारची घरे संध्याकाळी एकत्र येतात. आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी. माळेचा एकेक मणी सरकवत प्रार्थना होते, नंतर चहा किंवा काही गोड. आपल्या भुलाबाईचीही हीच रीत नाही का? गाणे वेगळे, देव वेगळा, पण पाळी घरोघर फिरते आणि खिरापत सर्वांना मिळते.

या फिरतीचा खरा उपयोग प्रार्थनेपलीकडे आहे. ज्या घरी आजारी म्हातारी आहे, त्या घरी महिन्यातून एकदा तरी वीस माणसे जातात. ज्या दोन भावांत बांधावरून अबोला आहे, त्यांना एका चटईवर बसावे लागते. कुणाच्या घरात चूल थंड आहे, हे शेजाऱ्यांना न विचारता कळते. अशा घरांच्या मदतीसाठी धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्था असते. 1833 साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेले हे काम आज जगभर चालते. तिचे सभासद स्वतः घरी जाऊन विचारपूस करतात आणि मदतीचा गाजावाजा करत नाहीत. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

आपल्या माणसांची आठवण

1 नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्याआधी दफनभूमीत गवत काढण्याचे काम निघते. पावसाळ्यात माजलेले तण उपटायचे, कबरीवरची माती सारखी करायची, क्रूस पुसायचा. त्या दिवशी सारे कुटुंब जाऊन फुले वाहते, मेणबत्त्या लावते. फादर कबरींना आशीर्वाद देत फिरतात. लहान मुलांना तिथेच समजते की हा आपला पणजोबा, आणि घरामागची विहीर यानेच खणली. आपण पितृपक्षात आणि अक्षय तृतीयेला जे करतो, त्याचाच हा भाऊ.

जत्रा आणि सुकेळी

याच सुमारास, कार्तिक वद्य एकादशीला, निर्मळ गावी मोठी जत्रा भरते. ती हिंदूंची, शंकराचार्यांच्या समाधिस्थानाची. त्याच निर्मळ गावात जुने चर्चही आहे. ख्रिस्ती शेतकरी या जत्रेला जातात, विकतात आणि खरेदीही करतात. तसेच दसरा-दिवाळीला मुंबईच्या देवघरांत जी फुले चढतात, त्यांतली कितीतरी वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतली असतात. पहाटेच्या गाडीने टोपल्या दादरच्या बाजारात पोचवणारे वसईवाले मुंबईत सर्वांच्या ओळखीचे.

पावसाळा सरून ऊन पडू लागले की सुकेळी करण्याचे दिवस येतात. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, कित्येक दिवस उन्हात वाळवतात. ती मधासारखी गोड आणि तांबूस होतात, आणि बरेच दिवस टिकतात. आगाशीकडची सुकेळी शंभर वर्षांपूर्वीही नावाजलेली होती. भाव पडला तर माल फेकून न देता टिकाऊ करून विकायचा, हे त्या बायांना कुणी शिबिर घेऊन शिकवले नाही. या कामात कष्ट फार, म्हणून करणारी घरे आता कमी झाली आहेत.

सावकाराच्या दारातून सुटका

चर्चभोवतीच्या या एकोप्याचे एक फळ मात्र आपण नीट पाहावे असे आहे. 1918 साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी वसईत पतपेढी सुरू केली. हेतू हा की शेतकऱ्याने बी-बियाणे, लग्न किंवा आजारपणासाठी सावकाराकडे जमीन गहाण टाकू नये. ज्याच्याजवळ चार पैसे आहेत त्याने ठेवावे, ज्याला नड आहे त्याने घ्यावे, आणि वेळेवर परत करावे. तीच पतपेढी पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली आणि शंभर वर्षे ओलांडून आजही चालू आहे. एकत्र बसून प्रार्थना करणारी माणसे एकत्र बसून हिशेबही करू शकतात, हे तिने दाखवले. शेजाऱ्याचे पैसे बुडवून पुढच्या रविवारी त्याच्याच शेजारी बसायचे कसे, ही लाज कागदोपत्री तारणापेक्षा कमी मोलाची नव्हती.

शेत गेले, सण उरला

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मुंबई वाढत वाढत वसई-विरारपर्यंत आली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या हिरव्या पट्ट्यातली मोठी जमीन बांधकामाला मोकळी झाली आणि 1990 साली नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहिल्या. इमारतींना पाणी हवे, म्हणून वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकर भरून विकले जाऊ लागले.

समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी बेसुमार उपसले की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर कायमची बिघडते. जिथे पूर्वी बावखलांतून, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांतून, रहाटाने केळीला आणि पानवेलीला पाणी मिळत होते, तिथे मीठ आले. कित्येक बावखले बुजवून त्यांवर घरे झाली. तेव्हा फादर दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. त्यात ख्रिस्ती होते, तसे हिंदूही होते. विहीर खारी होताना मालकाचा धर्म विचारत नाही.

आंदोलनाने जमीन आणि पाण्याचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडला, पण बांधकाम पुरते थांबले नाही. 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. मुंबईच्या उपनगरांत तर अशी वेळ आली की आगेऱ्यासाठी लोंब्या बाहेरगावाहून आणाव्या लागतात. मिरवणूक निघते, बॅंड वाजतो, पण लोंबी हातात धरणाऱ्या मुलाने भाताचे शेत पाहिलेले नसते. तरीही तिथले लोक सण सोडत नाहीत. आपण कोण होतो हे विसरू नये म्हणून ते तो करतात.

आपण काय घ्यावे?

वाचक हो, आपल्याकडे समुद्र नाही आणि मुंबईही नाही. पण आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. इथून निघालेली काटेपूर्णा तापीच्या खोऱ्याकडे जाते, तर इथून वाहणारी पैनगंगा गोदावरीच्या खोऱ्याकडे. आपल्या शिवारात पडलेले पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाते. ते अडवले नाही तर विहिरी जानेवारीतच तळ दाखवतात. रस्त्याकाठच्या जमिनीला चांगला भाव आला की प्लॉट पाडण्याचा मोह आपल्यालाही होतोच. पैसा दोन वर्षांत सरतो आणि शेत परत मिळत नाही. वसईच्या कितीतरी घरांनी हा धडा मोठी किंमत देऊन शिकला आहे. जमीन विकण्याआधी घरातल्या बायांना विचारावे, मुलांना विचारावे, आणि मगच सही करावी.

दुसरे म्हणजे एकत्र बसण्याची सवय. सोयाबीनचा भाव पडला म्हणून प्रत्येकजण आपापल्या ओसरीवर चिंता करत बसतो. महिन्यातून एक संध्याकाळ एका घरी, पुढच्या महिन्यात दुसऱ्या घरी, असे दहा घरांनी बसायचे ठरवले तर काय बिघडते? भजन करा, बचत गटाचा हिशेब करा, मळणीची पाळी ठरवा. कुणाच्या घरी कर्जाने झोप उडाली आहे, हे अशा बैठकीतच वेळेवर कळते. आपल्या विदर्भात ते वेळेवर न कळल्याने किती घरांचे दिवे विझले, हे सांगायला नको.

आणि तिसरे, मुलांना शेतात न्या. यंदा पहिले धान्य घरात येईल तेव्हा त्यातले ओंजळभर त्यांच्या हातात द्या, आणि हे कोणत्या वावरातले, ते वावर कुणी कमावले, तिथे पाणी कुठून येते, ते त्यांना सांगा. मग ते धान्य देवापुढे ठेवा, आणि ज्याच्या घरी यंदा काही पिकले नाही त्याच्या घरी पसाभर पोचवा.