रिबकेचा होकार

ज्यू लोक तोरा या धर्मग्रंथाचे ५४ भाग करून दर शनिवारी क्रमाने वाचतात. त्यांपैकी 'हय्ये सारा', म्हणजे साराचे आयुष्य, या भागाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. साराच्या निधनानंतर अब्राहामाने पुत्र इसहाकासाठी वधू शोधण्यास सेवक पाठविला. त्याने रिबकेस पसंत केले; घरच्यांनी मान्यता दिली. तरीही निघण्यापूर्वी त्यांनी तिलाच विचारले, आणि तिने होकार दिला. स्त्रीचा विवाह तिच्या संमतीनेच करावा, असा बोध अकराव्या शतकातील भाष्यकार राशी यांनी यातून सांगितला. मात्र हा प्रश्न दागिने देऊन झाल्यावर आला, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. आमच्या मते, मुलीस नकाराची मोकळीक असेल तरच तिचा होकार खरा.