नकाशा भिंतीवरून खाली उतरवा

जिल्ह्यातले तालुके घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या तिसरीतल्या मुलाला भूगोल येतो, असं पालक धरून चालतात, पुष्कळदा शिक्षकही. नावं पाठ असायला काहीच हरकत नाही, पण त्या नावांमागची जागा मुलाला कळली आहे असं त्यावरून ठरत नाही. जाँ पियाजे यांनी जिनिव्हातल्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास 1951 साली प्रसिद्ध झाला. जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये आहे हे लहान मुलं बिनचूक सांगत, पण एकच माणूस जिनिव्हाचाही आणि स्विसही असू शकतो हे त्यांना पटत नसे. आपल्याकडेही गाव, तालुका, जिल्हा, राज्य ही उतरंड पाठ करून उमजत नाही. त्यासाठी एकात एक बसणारे डबे घ्यावेत, त्यांवर आपल्या गावाची, तालुक्याची चिठ्ठी चिकटवावी आणि मुलांनाच ते उघडू-मिटू द्यावेत.

‘उत्तर म्हणजे वर’ हा गैरसमज आपण स्वतःच भिंतीवर टांगून ठेवतो. नकाशात उत्तर वरच्या बाजूला छापतात तो केवळ रिवाज आहे. खरी उत्तर जमिनीवर, क्षितिजाकडे असते. म्हणून पहिल्यांदा नकाशा दाखवताना तो वर्गाच्या फरशीवर अंथरावा आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळेल असा फिरवावा. मग नाशिकच्या मुलाने नकाशातल्या मुंबईकडे बोट केलं, की बाहेरची मुंबईही त्याच बाजूला असते.

आता खरी उत्तर शोधायची कशी? उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला, हे आपण शिकवतो. त्यातही एक गफलत आहे. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास. डिसेंबरच्या अखेरीस महाराष्ट्रात तो पूर्वेपासून जवळजवळ 25 अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्यापेक्षा अंगणात सरळ काठी रोवा आणि दुपारी तिच्या सावलीच्या टोकाशी थोड्या थोड्या वेळाने खडे ठेवत जा. सर्वांत आखूड सावली उत्तर दाखवते. ती बरोबर बाराला पडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे; पुण्याची मध्यान्ह साधारण 12:35 च्या आसपास होते, नागपूरची बरीच आधी. आणखी एक जपायचं: पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माथ्याच्या उत्तरेकडून जातो, त्यामुळे मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. तेव्हा हा प्रयोग दिवाळीच्या सुट्टीनंतर, स्वच्छ उन्हात घ्यावा. चौथीतली मुलं तो सहज करतात.

‘सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा’ हे उत्तरही अनेक घरांत मिळतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या ऐन थंडीत. कललेल्या आसाची गोष्ट लहान वर्गात समजावायची घाई नको, पण निदान चुकीचं उत्तर तरी देऊ नये.

नद्यांबाबतची समजूत या टांगलेल्या नकाशातूनच येते. त्यात खाली दक्षिण, म्हणून नद्या दक्षिणेकडे वाहतात असं मुलांना वाटतं. तापी पश्चिमेला जाते, गोदावरी पूर्वेला. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेला अरबी समुद्र सोडून 1465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, हे कळलं की मुलं विचारणारच: का? ‘का’ विचारलं तिथे भूगोल सुरू झाला. त्याचं उत्तर तोंडी देऊन टाकू नये. शाळेच्या आवारात वाळूचा लांबट सह्याद्री रचावा: पश्चिमेला उभा कडा, पूर्वेला लांबवर जाणारा मंद उतार. माथ्याच्या जरा पूर्वेला तांब्यातून पाणी सोडावं. दुसऱ्यांदा पाणी ओतण्याआधी ते कुठे जाईल, हे मुलांनी बोटाने वाळूत रेघ ओढून सांगावं. घटक चाचणीतही नद्यांच्या नावांऐवजी हीच रेघ काढायला द्यावी.