त्वचेची साक्ष

भामरागड तालुक्यांत हेमलकसा हें गांव आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजीं कै. बाबा आमटे यांनीं माडिया गोंडांच्या सेवेसाठीं तेथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें तेथील दवाखाना वाढविला. या कार्याचें मूळ मात्र वरोड्याजवळील आनंदवनांत, म्हणजे कुष्ठरोग्यांच्या सेवेंत आहे. त्वचेवरील डाग पाहून माणसास टाकावयाचें, कीं तो डाग वाचून त्यास बरें करावयाचें? एच्. आय्. व्ही. बाधित मुलांच्या बाबतींत हाच प्रश्न आज आपल्या दाराशीं आहे.

हा विषाणु शरीराची प्रतिकारशक्ति पोखरतो, आणि त्याची पहिली साक्ष पुष्कळदां त्वचा व तोंडच देतात. तान्ह्या मुलाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर येणें ही नेहमींची गोष्ट होय. परंतु मूल मोठें झाल्यावर तो वारंवार येऊं लागला, घशापर्यंत उतरला आणि घांस गिळवेनासा झाला, तर सावध व्हावें. मुलास नागीण होणें, मध्यें खळगी असलेले मोत्यासारखे फोड चेहऱ्यावर पुष्कळ उठणें, औषध लावूनहि खरूज न हटणें, याहि त्याच खुणा असूं शकतात. असूं शकतात, एवढेंच आम्ही म्हणतों. कारण कुपोषणानेंहि कांहीं अशा तक्रारी उद्भवतात. निर्णय डोळ्यांनीं नव्हे, रक्ताच्या तपासणीनें करावयाचा.

त्यांतहि एक मेख आहे. आईच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें मुलाच्या रक्तांत सुमारें अठरा महिन्यांपर्यंत राहूं शकतात. म्हणून त्या वयांत साध्या तपासणीवर न विसंबतां खुद्द विषाणूचा शोध घेणारी तपासणी करावी लागते. सरकारी केंद्रांतून २००४ पासून याचीं औषधें मोफत मिळतात. तीं रोज व जन्मभर घ्यावयाचीं असतात. पण त्यांनीं प्रतिकारशक्ति सांवरली कीं त्वचेच्या बहुतेक तक्रारीहि ओसरतात. गरोदर स्त्रीनें वेळींच तपासणी व उपचार घेतल्यास मुलास बाधा होण्याची भीति शंभरांत पांचांहूनहि खालीं येते.

आतां स्पर्शाविषयीं. खरूज स्पर्शानें पसरते, हें खरें. तिला मलम आहे, आणि तें घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं लावावें. एच्. आय्. व्ही. मात्र ताटानें, अंथरुणानें वा कडेवर घेतल्यानें पसरत नाहीं. तरीहि अशा मुलांसाठीं १९९७ सालीं विजयाताई लवाटे यांस पुण्यांत ‘मानव्य’ ही संस्था काढावी लागली. अनाथ मुलांस अशा संस्थांचा आधार हवाच. पण ज्यांचें घर भरलेलें आहे, त्यांचें काय?

आमच्या वाचकांच्या घरांत पंक्तीचा मान मोठा आहे. अंगावर फोड दिसले म्हणून एखाद्या पोराचें पान पंक्तींतून उचलूं नये. त्यास दवाखान्यांत न्यावें, आणि परत आल्यावर त्याच पानावर बसवावें.