गाडीचा ‘ताप’ ओळखायचा कसा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात बॉनेट उघडून उभी असलेली एखादी जुनी गाडी हमखास दिसते. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. सलग चढ, माणसांनी अन्‌ सामानाने भरलेली गाडी आणि वर दुपारचे ऊन! लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीची तिथे परीक्षाच असते.

मैत्रिणींनो, मूल तापले की डॉक्टर आधी विचारतात, ताप केव्हा चढतो, केव्हा उतरतो? गाडीचेही तसेच आहे. ‘गरम होते हो’ एवढेच सांगितले, तर मिस्त्री एकेक भाग बदलून पाहणार आणि बिल आपल्या माथी! म्हणून काट्यावर लक्ष ठेवा.

द्वारका चौकाच्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो? मग पंख्याकडे बघा. जुन्या गाडीत पट्टा सैल झालेला असतो, तर विजेच्या पंख्याचा फ्यूज किंवा स्विच गेलेला असतो.

उलट, चढावर किंवा वेगात काटा चढत असेल, तर पाणी नीट फिरत नाही. बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये क्षार साचतात ना, तसेच ते रेडिएटरमध्येही साचतात. थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा पाण्याचा पंप थकला असेल, तरी हेच होते.

पाणी सारखे कमी होते, गळती दिसत नाही, मागून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते? हेड गॅस्केट गेल्याची ही लक्षणे. मग गाडी मुळीच चालवू नका; ओढून न्या. नाहीतर खर्च कितीतरी पटीने वाढतो.

कधी काटा जागेवर असतो, तरी गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने मुकाट्याने सुरू होते. फियाट, पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून असतो. उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. पंपावर ओले फडके ठेवायची जुन्या चालकांची युक्ती इथली! त्यानेही भागले नाही, तर इग्निशन कॉइल तपासून घ्या. तीही तापली की दगा देते. टाकीत पंप असलेल्या नव्या गाड्यांत मात्र फडक्याचा उपयोग नाही; तिथे सेन्सर किंवा पंप तपासावा लागतो.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण म्हणजे वाफ धरलेला कुकर! घाईने उघडाल, तर उकळते पाणी तोंडावर उडेल. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मुलांना दूर बसवा. निदान अर्धा तास थांबा, मग जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवा. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका. तापल्या तव्यावर पाणी पडावे तसे होऊन हेडला तडा जाऊ शकतो. साध्या पाण्यावर गॅरेजपर्यंत जा, पुढे कूलंटच भरून घ्या.

गाडीत एक छोटी वही ठेवा. कुठे तापली, काटा कुठवर गेला, किती वेळाने सुरू झाली, एवढे टिपून मिस्त्रीच्या हाती द्या. त्याचे निम्मे काम तिथेच होते आणि घरातले पैसेही वाचतात.