काटेरी तारेने घोड्याचा पाय फाटल्यास

रोही व रानडुकरांपासून पिके राखण्याकरिता वाशिम जिल्ह्यात अनेक शेतांभोवती काटेरी तार दिसते. तीत अडकलेला घोडा पाय ओढतो व जखम खोल होते. म्हणून प्रथम त्यास चुचकारून स्थिर करावे व तार कापावी. रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडके १० मिनिटे दाबून धरावे. नंतर उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून जखम धुवावी. राख, शेण वा माती मुळीच लावू नये. धनुर्वाताचे जंतू माती व लिदीत असतात, आणि हा रोग घोड्यास फार लवकर जडतो. खरी भीती वाहत्या रक्ताची नसून बारीक, खोल छिद्राची असते. तेव्हा त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून धनुर्वाताची टोचणी करवून घ्यावी. सांध्याजवळून पिवळसर चिकट पाणी झिरपत असल्यास एका रात्रीचाही विलंब करू नये.