सुरुंगाच्या परिघात

काळा पाषाण कुदळीला दाद देत नाही. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बसाल्टच्या थरांवर वसला आहे, त्यामुळे विहीर खणणे, खडीसाठी डोंगर फोडणे, घाटात रस्ता काढणे ही कामे कधी ना कधी सुरुंगापाशी येतात. चंद्रपूर आणि यवतमाळकडच्या उघड्या खाणींत कोळशावरचा खडक हटवायलाही सुरुंगच लावावा लागतो.

पद्धत वरवर सोपी दिसते. खडकात भोक पाडायचे, डिटोनेटर लावलेली स्फोटकाची कांडी तळाशी सोडायची, तिच्यावर आणखी स्फोटक भरायचे आणि उरलेले तोंड ठासून बंद करायचे. बार उडताच आधी धक्क्याने खडकाला तडे जातात आणि पाठोपाठ तापलेला वायू त्या तड्यांत शिरून दगड पुढे लोटतो. सुरक्षेचा बराचसा प्रश्न या वायूभोवतीच फिरतो. त्याने खडक फोडून पुढे सरकवला तर काम साधले. फोडण्याआधीच त्याला एखादी सोपी वाट सापडली, तर गोफणीतून सुटावेत तसे दगड सुटतात.

या उडणाऱ्या दगडांना खाणकामात ‘फ्लायरॉक’ म्हणतात. उघड्यावरच्या सुरुंगकामात माणसे दगावतात ती प्रामुख्याने या दगडांनी आणि धोक्याच्या हद्दीत कुणी तरी राहून गेल्याने. हवेचा अडथळा सोडून हिशेब केला, तर ३०० मीटरवर पडणाऱ्या दगडाने जमीन सोडताना ताशी सुमारे १९५ किलोमीटरचा वेग घेतलेला असतो आणि तो जवळपास आठ सेकंद हवेत असतो. स्फोटाचा आवाज मात्र तेवढ्याच अंतरावर एका सेकंदाच्या आत पोहोचतो. म्हणजे धडाका ऐकून ‘झाला बार’ म्हणत आडोशाबाहेर डोकावणाऱ्याच्या डोक्यावर दगड अजून यायचा असतो. भिंतीला टेकून उभे राहणेही पुरेसे नाही, कारण दगड वरून पडतो. आडोशाला भक्कम छप्पर हवे. पत्र्याची शेड, झाड किंवा उभ्या ट्रकची केबिन हा आडोसा नव्हे.

दगड का उडतात याची कारणे बहुधा भोक भरतानाच ठरून गेलेली असतात. समोरच्या मोकळ्या कड्यापासून भोकाचे अंतर कमी पडले तर वायू तिकडून फुटतो. तोंडाची ठासणी आखूड झाली तर तो तोफेसारखा वर जातो. १०० मिलिमीटर व्यासाच्या भोकाला साधारण दोन ते तीन मीटर ठासणी लागते. तीही धूळ किंवा मातीची नको, बारीक खडीची हवी, कारण खडीचे कंगोरे दाबाखाली एकमेकांत अडकतात. बसाल्टचा स्वभावही इथे आडवा येतो. या खडकात उभे सांधे असतात आणि लाव्हाच्या दोन थरांमध्ये कित्येक ठिकाणी लाल, मऊ मातीचा पट्टा असतो. ड्रिल चालू असताना ते अचानक झपकन खाली गेले किंवा बाहेर येणारी भुकटी काळ्याची लाल झाली, की जाणता ड्रिलर ती खोली लक्षात ठेवतो. त्या पट्ट्यात स्फोटक भरायचे नसते, तेवढा भाग ठासणीने भरून काढायचा असतो. हे निरीक्षण बार उडवणाऱ्या ब्लास्टरपर्यंत पोहोचले नाही तर कागदावरची आखणी कितीही नेटकी असली तरी कामाची नाही.

सर्वात अवखळ दगड मात्र मुख्य बाराचे नसतात. बार झाल्यावर उरलेले मोठे धोंडे पुन्हा सुरुंगाने फोडायची सवय अनेक खाणींत आहे. धोंडा चारही बाजूंनी मोकळा असल्याने त्याचे तुकडे कुठेही जातात. आता रॉक ब्रेकर सहज भाड्याने मिळतो, त्यामुळे थोडे पैसे वाचवण्यासाठी हा धोका पत्करण्याला अर्थ नाही.

धोक्याची हद्द कायद्यानेच आखून दिली आहे. धातूंच्या खाणींसाठीच्या १९६१ च्या नियमावलीत ती बाराच्या जागेपासून ३०० मीटर आहे, तर कोळसा खाणींच्या २०१७ च्या नियमावलीत ५०० मीटर. या परिघातला प्रत्येक माणूस बाहेर गेलेला किंवा योग्य आडोशाला पोहोचलेला असल्याशिवाय बार उडवता येत नाही. नियम कागदावर स्पष्ट आहे, अडचण पाऊलवाटांची असते. खाणीच्या फाटकावर लाल बावटा घेऊन माणूस उभा असतो आणि मागच्या बाजूने शेळ्या घेऊन कुणी तरी वर चढत असते. म्हणून पहारा फाटकावर नव्हे, हद्दीत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर लागतो आणि तिथला पहारेकरी ‘वाट मोकळी’ म्हणेपर्यंत ब्लास्टरने थांबायचे असते. बाराची वेळ ठरलेली असावी, ती गावात ठाऊक असावी आणि फलकावर लिहिलेली असावी. भोंग्याचे इशारे प्रत्येक ठिकाणी वेगळे असू शकतात, म्हणून त्यांचा अर्थही फलकावर हवा. रस्त्याने जाणाऱ्याने एवढे पाळावे की पहारेकऱ्याने अडवले तर हुज्जत घालू नये आणि बाराचा आवाज आला म्हणून गाडी पुढे काढू नये. वाट मोकळी झाल्याचा इशारा वेगळा असतो.

विहिरीचे काम यापेक्षा जोखमीचे, कारण तिथे पळायला वाट एकच आणि तीही उभी. वात वापरली असेल तर ती पेटवून माणसाला वर चढून यायचे असते. विल्यम बिकफर्ड याने १८३१ मध्ये काढलेली सुरक्षित वात ठरावीक गतीने जळते, मीटरला साधारण दोन मिनिटे. पण तुकडा आखूड कापला, शिडी निसरडी झाली किंवा एकाच माणसाने पाच-सहा वाती पेटवायला घेतल्या, की ही दोन मिनिटे पुरत नाहीत. ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा टेकवून बार उडवण्याची पद्धतही खेडोपाडी रुळलेली होती. तीत तार चुकून आधीच टेकली तर खाली कोण आहे हे बॅटरी विचारत नाही. साध्या विजेच्या डिटोनेटरवर भारतात १ एप्रिल २०२५ पासून बंदी आली, त्यामागे सुरक्षेबरोबरच त्यांच्या गैरवापराची चिंताही होती. त्यांच्या जागी धक्कानलिकेचे आणि इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर आले आहेत. धक्कानलिका म्हणजे आतून स्फोटकाचा पातळ थर दिलेली प्लास्टिकची बारीक नळी. तिच्यातून धक्का सेकंदाला सुमारे दोन हजार मीटर वेगाने जातो आणि भटक्या विजेने ती सहसा पेटत नाही.

आकाशातल्या विजेपासून मात्र कोणताच प्रकार सुरक्षित नाही. विहिरींची कामे एप्रिल-मेमध्ये जोरात असतात आणि वळवाचे ढगही त्याच दिवसांत दुपारनंतर भरून येतात. दूरवर गडगडाट ऐकू आला की भरणी थांबवून, भोके भरलेली असोत वा नसोत, सगळ्यांनी हद्दीबाहेर जायचे असते. ‘एवढी दोन भोके भरू आणि निघू’ ही घाई इथे जिवावर बेतते.

हाताळणीचे बाकीचे नियम जुने आणि साधे आहेत. डिटोनेटर आणि कांड्या एका पेटीत नेऊ नयेत. डिटोनेटरची टोपी वातीवर दाताने दाबू नये, त्यासाठी चिमटा असतो. ठासायला लाकडी दांडा घ्यावा, लोखंडी पहार नव्हे. भरणीच्या जागी विडी-सिगारेट आणि मोबाइल नसावा. काम परवानाधारक शॉटफायररनेच करावे. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, पेसोचे, मुख्यालय नागपुरात आहे आणि तिचा कारभार १८८४ चा स्फोटक कायदा व २००८ चे नियम यांवर चालतो.

बार उडाल्यानंतरची वेळ ही उडण्याआधीइतकीच नाजूक. एखादे भोक फुटले नसेल तर ते ढिगाऱ्याखाली जिवंत असते. वातीच्या कामात शंका आली तर निदान अर्धा तास त्या जागी कुणी जाऊ नये, कारण वात आत धुमसत राहून उशिरा पेटू शकते. मग ब्लास्टरने एकट्याने जाऊन पाहायचे. न उडालेले स्फोटक उकरून काढणे किंवा त्याच भोकात पुन्हा ड्रिल घालणे सक्त मना आहे. त्याच्याशी समांतर, किमान ३० सेंटिमीटर अंतरावर नवे भोक पाडून ते उडवतात. फुटलेल्या भोकाच्या तळाशी उरलेल्या खळग्यातही स्फोटक राहिलेले असू शकते. ड्रिलरला तो खळगा आयता मिळाल्यासारखा वाटतो आणि तिथे ड्रिल टेकवल्याने अपघात होतात.

धूर हा आणखी एक धोका. अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचे मिश्रण पाण्यात भिजले की नीट फुटत नाही आणि नारिंगी-तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो. श्वासात गेल्यावर लगेच फारसे जाणवत नाही, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते. म्हणून असा धूर अंगावर आलेल्याला बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्यावे. कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नाही आणि वासही नाही. विहिरीत तो साचून राहतो, तेव्हा कॉम्प्रेसरची हवा बराच वेळ सोडल्याशिवाय खाली उतरू नये.

खाणीजवळच्या गावांची तक्रार बहुधा भिंतींच्या तड्यांची असते. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ मध्ये जमिनीच्या हादऱ्याची मर्यादा ठरवली. खाणमालकाची नसलेली घरे असतील आणि कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, जुन्या वास्तूंसाठी २. हादरा एकूण स्फोटकावर नव्हे, एका क्षणी किती फुटते त्यावर ठरतो. म्हणून भोके काही मिलिसेकंदांच्या फरकाने उडवतात. खिडक्या खडखडतात ते मात्र पुष्कळदा हवेतल्या दाबलाटेने. पहाटे किंवा ढगाळ हवेत ती लाट जमिनीकडे वळते, त्यामुळे भर दुपारचा बार गावाला कमी जाणवतो. तक्रार करताना तारीख, वेळ आणि तड्यांचे फोटो ठेवले तर खाणीच्या हादरामापकाच्या नोंदीशी ते ताडून पाहता येतात.

कामाच्या जागेभोवती कधी कधी पडून राहिलेला डिटोनेटर सापडतो. पेनाच्या टोपणाएवढी चकचकीत अॅल्युमिनियमची नळी, एका टोकाला रंगीत तारा किंवा प्लास्टिकची नळी. मुलांना ते खेळणे वाटते. त्यातले स्फोटक बोटे आणि डोळे घालवायला पुरेसे असते. उचलू नये, ठोकू नये, जाळात टाकू नये. जागेवर खूण करावी, मुलांना व गुराढोरांना लांब ठेवावे आणि ११२ वर पोलिसांना कळवावे.