पायातला पहारा
आरोपीच्या किंवा कैद्याच्या घोट्याला बांधलेला इलेक्ट्रॉनिक पट्टा उपग्रहांच्या मदतीने जागा हेरतो आणि मोबाइल नेटवर्कवरून नियंत्रण कक्षाला कळवतो. तो कापला किंवा त्याचं चार्जिंग संपत आलं, की इशारा जातो. स्पेनने २००९ पासून, बायकोला किंवा मैत्रिणीला मारहाण करणाऱ्यांसाठी याची जोडीच केली. एक यंत्र त्याच्या अंगावर, दुसरं तिच्याजवळ. न्यायालयाने घातलेलं अंतर त्याने ओलांडलं की कक्षाला कळतं आणि तिला सावध केलं जातं. या यंत्राचा खरा उपयोग इथे आहे; एरवी नकाशावरचा ठिपका कुणाचा हात धरत नाही, त्यासाठी पोलीसच वेळेत पोचावे लागतात.

भारतात केंद्राच्या २०२३च्या आदर्श कारागृह कायद्यात कैद्याला रजेवर सोडताना अशा पट्ट्याची अट घालण्याची तरतूद आहे. मात्र कारागृहं राज्यांच्या अखत्यारीत येत असल्याने ती स्वीकारायची की नाही, हे राज्यंच ठरवतात.